कामाचा क्रम आणि संगणक

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा बांधकामात क्रमाला फार महत्त्व असते. पाया भक्कम झाल्यावाचून भट्टीचे पोलादी कवच उभारता येत नाही. कवचावाचून आत उष्णतारोधक विटांचे अस्तर लावता येत नाही.

कामांचे वेळापत्रक पूर्वी आडव्या पट्ट्यांच्या तक्त्याने दाखवीत. कोणते काम कशासाठी अडले आहे, हे मात्र त्यातून सहज कळत नसे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ‘निर्णायक मार्ग’ ही पद्धती विकसित झाली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी म्हणजे निर्णायक मार्ग. तिच्यातील एक दिवस वाया गेला, की संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो.

आज हा हिशेब संगणक करतो. हजारो कामांच्या प्रकल्पासाठी ‘प्रायमाव्हेरा’, तर त्याहून आटोपशीर कामासाठी ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ ही सॉफ्टवेअर वापरली जातात. एखादे घर बांधणाऱ्या ठेकेदारास ‘एक्सेल’मधील साधा तक्ताही पुरतो.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, ते नोंदीवर विसंबते. अपुऱ्या पायापुढे ‘पूर्ण’ असे लिहिले, तर संगणक पुढील तारखा बिनचूक मांडील. पाया मात्र अपुराच राहील. म्हणूनच मुकादमाच्या वहीतील खरी नोंद हा साऱ्या नियोजनाचा आधार होय.