ताटातलं पाणी

सुट्टी लागली की घराघरांत एकच प्रश्न : यंदा कुठं जायचं? गेल्या उन्हाळ्यात मी म्हटलं, थंड हवेचं ठिकाण राहू द्या, एक दिवस बारामती-इंदापूर करू. बारामतीत माझी फुपी, म्हणजे आत्या, आणि इंदापुरात खाला, म्हणजे मावशी. दोघींनी ऐंशी ओलांडलेली. नातवंडांनी नाकं मुरडली. पण जेवणाचं आमिष दाखवताच गाडीत बसली.

सकाळी फुपीकडं बाजरीची भाकरी, रात्रीचा मुरलेला डालचा आणि वर गुळाचे गुलगुले. धाकटीनं विचारलं, ‘‘दादा, इथं बघायला काय आहे?’’ म्हटलं, ताटात बघ. बारामती तालुका एक असला तरी मुलूख दोन आहेत. सुपे-मोरगावची बाजू जिरायत, पावसाकडं डोळे लावून बसणारी. तिथली ही बाजरी. नीरेकडची बाजू बागायत. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजी अमलात नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढं साखर कारखाने आले. गुलगुल्यातला गूळ त्या कालव्याचा.

तिथून भिगवण गाठलं. बाजारातून चिलापी घेतली आणि हमरस्त्यानं दुपारी इंदापुरात पोचलो. वाटेत मुलांना एकच कोडं : समुद्र इतका लांब, मग इथं रस्त्याच्या कडेला मासळीची एवढी हॉटेलं कशी? उत्तर उजनीत आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात पसरला. चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं जगतात आणि साठलेल्या पाण्यात ही जात झपाट्यानं वाढते. ती स्वस्त म्हणून गरिबाच्या ताटात आली, चवीमुळं पाहुण्यांच्याही.

खालाच्या सुनेनं मासे कुरकुरीत तळले. खाला मात्र भाकरी आणि वांग्याचं कालवण घेऊन बसली. धाकटी म्हणाली, ‘‘नानी, तू का नाही घेत?’’

खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘माझं सासर त्या पाण्याखाली आहे. घर गेलं, त्याचं एवढं नाही. कब्रस्तान गेलं. माझं पहिलं पोर तिथं आहे.’’

मोठ्या नातवानं ताट बाजूला सारलं. तिनं ते पुन्हा त्याच्यापुढं ओढलं. ‘‘खा बाळा, माशाचा काय दोष? माझ्या लेकाचा ऊसही त्याच पाण्यावर उभा आहे.’’

मी पन्नाशी ओलांडली, खालाकडं कितीदा जेवलो. पण ती मासे का खात नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. धरणानं काय दिलं, हे हिशेबात सापडतं. काय नेलं, हे माणसांजवळ बसल्यावरच कळतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडं दिवसभर राहावं लागतं.

परतताना पळसदेवला थांबलो. पाणी उतरलं होतं. एरवी बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलं होतं. मुलं न बोलता बघत राहिली.

आता धाकटी अधूनमधून खालाला फोन लावते आणि आधी एकच विचारते, ‘‘नानी, पाणी किती उतरलं?’’