द्रायुगतिकीचे अध्यापन : सिद्धतेकडून प्रवाहाकडे

प्रस्तावना :

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठी परिभाषेत 'द्रायू' अशी संज्ञा आहे आणि त्यांच्या गतीचा अभ्यास म्हणजे द्रायुगतिकी होय. हा विषय गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी या तिन्ही विद्याशाखांत शिकविला जातो. मात्र प्रत्येक शाखेत त्याचे रूप वेगळे असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा मिळते, परंतु समीकरणांच्या मुळाशी जाण्यास त्याला वेळ नसतो. पदव्युत्तर गणिताच्या विद्यार्थ्याला सिद्धता मिळतात, परंतु अनेकदा संपूर्ण वर्षात त्याला एकही प्रवाह दाखविला जात नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या परिस्थितीचा विचार केला असून, स्वतंत्र प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयातही हा विषय अर्थपूर्ण रीतीने कसा शिकविता येईल, याची मांडणी केली आहे.

समस्येचे स्वरूप :

एका तोंडी परीक्षेत प्रस्तुत लेखकाने एका विद्यार्थ्याला बर्नुलीचे समीकरण सिद्ध करण्यास सांगितले. त्याने ते निर्दोष सिद्ध केले. त्यानंतर विचारले, "नळातून संथपणे पडणारी पाण्याची धार खाली जाताना बारीक का होत जाते?" उत्तर आले, "वेग वाढला म्हणून दाब कमी झाला आणि दाब कमी झाल्याने धार आकसली." उत्तर बर्नुलीच्या भाषेत होते, पण चुकीचे होते. हवेत मोकळ्या पडणाऱ्या धारेवर सर्वत्र वातावरणाचाच दाब असतो. वेग वाढतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. प्रत्येक छेदातून दर सेकंदाला जाणारे पाणी तेवढेच असल्याने वेग वाढताच छेदाचे क्षेत्रफळ घटते. नळाच्या तोंडाशी वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर २० सेंटिमीटर खाली तो सुमारे २.२ मीटर होतो. क्षेत्रफळ सुमारे ४५ टक्के उरते आणि व्यास दोन-तृतीयांश होतो. हे सर्व त्या विद्यार्थ्याने सिद्ध केलेल्या समीकरणातच होते. त्यातील कोणते पद येथे स्थिर आहे, हा प्रश्न मात्र त्याला कोणी कधी विचारला नव्हता.

दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे. आपली प्रश्नपत्रिका सिद्धता मागते, म्हणून आपण सिद्धता शिकवितो. असे पदवीधर पुढे स्वतः अध्यापक होतात आणि विमानाच्या पंखावरून व पंखाखालून गेलेली हवा मागील कडेशी एकाच वेळी पोहोचते, हे निराधार स्पष्टीकरण पुढील पिढीला देतात. प्रत्यक्षात पंखावरील हवा आधी पोहोचते. एका पिढीची अपुरी समज अशा रीतीने दुसऱ्या पिढीचे पाठ्यज्ञान बनते. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा उरत नाही.

संकल्पनात्मक अडचणी :

१) स्थिर प्रवाहातील प्रवेग : 'प्रवाह स्थिर आहे, तरीही कणाला प्रवेग आहे' हे विधान विद्यार्थ्यांना परस्परविरोधी वाटते. पुलावर उभा असलेला निरीक्षक आणि पाण्यावर तरंगणारे पान या दोन दृष्टिकोनांतून ते उलगडते. नदीचे पात्र १० मीटर अंतरात अरुंद होत गेले आणि वेग सेकंदाला १ मीटरवरून एकसारखा वाढत २ मीटर झाला, असे मानू. पुलावरील निरीक्षकाला आपल्या ठिकाणचा वेग दिवसभर तोच दिसतो. पान मात्र पुढे सरकताना वेग घेत जाते. त्याचा प्रवेग आरंभी ०.१ आणि शेवटी ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका असतो. आधी हे उदाहरण आणि नंतर कणानुगामी अवकलजाचे सूत्र, असा क्रम ठेवल्यास सूत्रातील दुसऱ्या पदाचे प्रयोजन आपोआप स्पष्ट होते. ते पद अरेषीय आहे आणि या विषयातील बहुतेक काठिण्य तेथूनच उद्भवते, हेही याच वेळी सांगावे.

२) आदर्श द्रायूची मर्यादा : उगम, निगम, वर्तुळ प्रमेय आणि ब्लासियसचे प्रमेय यांवर अभ्यासक्रमाचा मोठा भाग खर्च होतो. या सर्वांत श्यानता शून्य मानलेली असते. या गृहीतावरून एकसमान प्रवाहात ठेवलेल्या वस्तूवर प्रवाहाच्या दिशेने काहीच बल येत नाही, असा निष्कर्ष द'अलाँबेर यांनी १७५२ मध्ये काढला. नदीत उभ्या राहिलेल्या कोणालाही तो पटणार नाही. नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये श्यानतेचे पद समीकरणात आणले, तरी पाणी व हवा यांची श्यानता इतकी अल्प असताना तिचा परिणाम एवढा मोठा का, हे कोडे उरलेच. ते लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडून सोडविले. पृष्ठभागालगतच्या पातळ स्तरात श्यानतेकडे दुर्लक्ष करता येत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या हवेत १ मीटर लांबीची सपाट पट्टी धरली, तर तिच्या मागील टोकाशी या स्तराची जाडी सुमारे ९ मिलिमीटर असते. हा विरोधाभास न सांगता आदर्श द्रायू शिकविणे म्हणजे नकाशा देऊन त्याचे प्रमाण लपविण्यासारखे आहे.

३) रेनॉल्ड्स अंकाकडे दुर्लक्ष : ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची रेघ सोडून स्तरीय आणि संक्षुब्ध प्रवाहांतील भेद दाखविला. नळीतील स्तरीय प्रवाह सामान्यतः हा अंक २००० च्या आसपास असेपर्यंत टिकतो. आपण वर्गात नळीतील प्रवाह म्हणून केवळ प्वासय यांचे सूत्र शिकवितो. परंतु घरातील दीड सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी जात असेल, तर हा अंक सुमारे १५,००० होतो. म्हणजे तेथे ते सूत्र लागूच पडत नाही.

प्रयोगशाळेविना प्रयोग :

पुढील तीन प्रयोगांना फारसा खर्च नाही आणि प्रत्येकात सिद्धान्ताची कसोटी लागते.

पहिला : प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक छिद्र पाडून, वरचे तोंड उघडे ठेवून बाहेर पडणारे पाणी मोजावे. पाण्याची पातळी छिद्राच्या २० सेंटिमीटर वर असताना टॉरिचेल्ली यांच्या नियमाने वेग सेकंदाला सुमारे २ मीटर येतो. परंतु वेग आणि छिद्राचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारापेक्षा कमी पाणी बाहेर पडते. तीक्ष्ण कडेच्या छिद्रासाठी हे गुणोत्तर सुमारे ०.६ असते. धार छिद्राबाहेर आल्यावर आणखी आकसते, हे कारण विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून शोधावे.

दुसरा : २ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा रुंद भांड्यातील एरंडेल तेलात सोडावा. तेलाची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट धरल्यास स्टोक्स यांच्या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे दीड सेंटिमीटर येतो आणि घड्याळ लावून तो पडताळता येतो. हेच सूत्र पाण्यासाठी वापरल्यास वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो. प्रत्यक्षात छर्रा पाण्यात एका सेकंदात एक मीटरही जात नाही. तेलात रेनॉल्ड्स अंक ०.०३ होता, पाण्यात सूत्राने आलेल्या वेगावरून तो ३०,००० च्या घरात जातो. सूत्र चुकलेले नाही, त्याचे क्षेत्र ओलांडले गेले आहे, ही जाणीव येथे होते.

तिसरा : वर वर्णिलेली नळाची धार. तिचा व्यास दोन ठिकाणी मोजून केवळ त्यावरून प्रवाहाचे प्रमाण काढावे आणि मग मापनपात्रात पाणी साठवून ते पडताळावे.

पुणे परिसरातील महाविद्यालयांना आणखी एक सोय आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासला येथे आहे. धरणे व नद्यांच्या प्रतिकृतींवर तेथे अभ्यास होतो. १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत फ्रूड अंक समान ठेवला, तर वेग एक-दशांश होतो, परंतु रेनॉल्ड्स अंक हजारपट कमी होतो. दोन्ही अंक एकाच वेळी जुळविता येत नाहीत. मग कशाचा त्याग करावयाचा, हा निर्णय विषयाच्या आकलनातूनच घ्यावा लागतो. दूरच्या महाविद्यालयांसाठी अ‍ॅशर शपिरो यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेले प्रवाहविषयक शैक्षणिक चित्रपट आणि २००३ पासून सुरू झालेल्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत.

मूल्यमापनाविषयी :

अध्यापन बदलले आणि प्रश्नपत्रिका तीच राहिली, तर विद्यार्थी प्रश्नपत्रिकेचेच ऐकतात. म्हणून प्रत्येक सिद्धतेच्या प्रश्नाला तीन उपप्रश्न जोडावेत : कोणती पदे वगळली? ती कोणत्या आधारे वगळली? दिलेल्या आकड्यांसाठी हा निष्कर्ष ग्राह्य आहे काय? यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनात हा बदल प्रत्येक अध्यापक आजही करू शकतो.

समारोप :

गणिती काटेकोरपणा कमी करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. नाव्हिए-स्टोक्स समीकरणांची त्रिमितीतील उकल नेहमी अस्तित्वात व सुघट असते काय, हा प्रश्न क्ले गणित संस्थेने २००० मध्ये जाहीर केलेल्या सात सहस्रक प्रश्नांपैकी एक आहे. सिद्धतेचे महत्त्व या विषयात किती आहे, हे त्यावरून दिसतेच. परंतु सिद्धता कोणत्या वास्तवाविषयी आहे हे ठाऊक नसेल, तर ती केवळ पाठांतर ठरते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेनंतर व्हरांड्यातील नळापाशी नेऊन धार दाखविली. काही क्षण पाहून तो म्हणाला, "सर, मग येथे दाबाचे पद दोन्ही बाजूंनी जाते." वर्षभराच्या अध्यापनात जे साधले नव्हते, ते त्या नळाने साधले. ती धार वर्षाच्या आरंभी दाखविण्याची जबाबदारी मात्र अध्यापकाची आहे.