फुगा पडणार कुठे?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असं नंतर जाणकारांनी सांगितलं. ते तिथे पडेल, असं आधी कोणी सांगितलं नव्हतं. हवामान खात्याच्या फुग्याचं मात्र आधी सांगता येतं. त्यासाठीचं ‘तावहिरी’ हे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही फुकट बसवता येतं.

नागपूरहून सुटलेला फुगा सेकंदाला पाचेक मीटरने चढतो, तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो आणि खालची मापनयंत्राची पेटी छत्रीला लटकत उतरते. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे तिला भंडारा-गोंदियाकडे रेटतात. पावसाळ्यात पंधरा किलोमीटरच्या वर वारा पूर्वेकडून सुटतो. म्हणून गडचिरोलीवाल्याने त्या बाजूच्या जगदलपूरहून सुटणाऱ्या फुग्यांवरही लक्ष ठेवावं.

तावहिरी लिहिलं केंब्रिज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अवकाशगटाने. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान-अंदाजाच्या प्रारूपातले ४७ दाबपातळ्यांवरचे वारे घेऊन ते फुग्याला क्षणाक्षणाने पुढे सरकवतं. वाऱ्यांची जाळी अर्ध्या अंशाची. तिची एक चौकट अख्ख्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पापेक्षा मोठी भरते. तरी अंदाज बरा येतो, कारण उंचावरचा वारा जागोजागी फारसा बदलत नाही.

खरी अडचण बसवताना येते. वाऱ्यांचा एक संच साडेनऊ जीबीच्या घरात, आणि नवा संच दर सहा तासांनी. एटापल्ली-भामरागडच्या नेटवर्कवर हा उद्योग करूच नये. सर्व्हर चंद्रपुरात ठेवावा आणि जंगलात पेटी शोधणाऱ्या माणसाला फक्त अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठवावेत.

दुसरी गोम फुटण्याच्या उंचीत. ती आपणच अंदाजाने भरायची. फुगा ३० ऐवजी २८ किलोमीटरवर फुटला, की चढण्याची ४०० सेकंदं कमी झाली. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर तेवढ्यानेच चार किलोमीटरचा फरक! सावली तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांत तो चालून जाईल, सागवानी जंगलात पेटी गेलीच समजा.

म्हणून नुसत्या आधीच्या अंदाजावर विसंबण्यात अर्थ नाही. टीव्हीसाठी बनलेला स्वस्त यूएसबी डोंगल आणि गच्चीवरचा अँटेना एवढ्यावर ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झमधला पेटीचा रेडिओ-आवाज पकडता येतो. पेटी तीस किलोमीटर उंच असताना तो सिरोंच्यातही ऐकू यायला हरकत नाही. फुगा फुटला, की पेटीने कळवलेली खरी जागा आणि उंची भरून गणित पुन्हा मांडायचं. हा दुसरा अंदाज कितीतरी भरवशाचा. शेवटच्या टप्प्यात पेटी झाडांआड गेली, की आवाज बंद. मग उरतो नकाशावरचा ठिपका. तो ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पडला, तर आकडे वनखात्याला कळवून थांबायचं.