गर्भपाताची मुभा आणि घटलेले गुन्हे : दावा कसा तपासला गेला?

१९९१ साली अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे जवळपास १० खून होत. २००० पर्यंत हे प्रमाण साडेपाचवर आले. पोलीस वाढले, तुरुंग भरले, रोजगार सुधारले, अशी कारणे सांगितली जात होती. २००१ मध्ये जॉन डोनोह्यू आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळेच कारण मांडले : १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने देशभर मिळालेली गर्भपाताची मुभा. निम्मी घट तिच्यामुळे झाली असू शकते, असा त्यांचा अंदाज होता.

त्यांचा युक्तिवाद असा. आईला नको असताना जन्मलेल्या मुलाची आबाळ होण्याची शक्यता जास्त, आणि आबाळीत वाढलेली काही मुले पुढे गुन्ह्यांकडे वळतात. गुन्ह्यांचे प्रमाण ऐन तारुण्यात सर्वाधिक असते. १९७३ नंतर जन्मलेली मुले १९९० नंतर त्या वयात येऊ लागली आणि त्याच सुमारास गुन्हे उतरणीला लागले.

पण दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून त्यांनी राज्याराज्यांची तुलना केली. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, अलास्का आणि हवाई या राज्यांनी १९७० च्या सुमारासच मुभा दिली होती. दावा खरा असेल तर तिथे गुन्हे आधी घटायला हवेत. जिथे गर्भपात जास्त, तिथे घटही जास्त हवी. आणि ती तरुणांत दिसावी, त्यांच्याहून मोठ्यांत नाही. त्यांच्या आकडेमोडीत तिन्ही गोष्टी दिसल्या.

मग उलटतपासणी सुरू झाली. टेड जॉइस यांनी क्रॅक कोकेनकडे बोट दाखवले. या नशेची आणि तिच्यासोबतच्या हिंसेची लाट सगळीकडे एकाच वेळी आली नाही, ओसरलीही नाही. मग फरक गर्भपाताचा की नशेचा? २००५ मध्ये क्रिस्टोफर फूट आणि क्रिस्टोफर गोएट्झ यांना मूळ अभ्यासाच्या एका महत्त्वाच्या चाचणीत संगणकीय चूक सापडली. शिवाय त्या चाचणीत दरडोई प्रमाणाऐवजी अटकांची एकूण संख्या घेतली होती. मुले कमी जन्मली की अटकाही कमीच होणार. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर त्या चाचणीतला परिणाम जवळपास नाहीसा झाला. डोनोह्यू आणि लेव्हिट यांनी चूक मान्य केली, गर्भपातांची अधिक नेमकी आकडेवारी वापरली आणि परिणाम टिकतो असे दाखवले. पुढच्या वर्षांची आकडेवारी घेऊन त्यांनी नंतरही तोच निष्कर्ष मांडला. दरम्यान पेट्रोलमधून हटवलेल्या शिशाचा प्रतिस्पर्धी खुलासा जेसिका रेयेस यांनी २००७ मध्ये मांडला, तर इंग्लंड-वेल्सच्या आकडेवारीत अमेरिकेसारखा स्पष्ट संबंध आढळला नाही.

रोमानियाने १९६६ मध्ये उलटी दिशा धरली आणि गर्भपातावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. बंदीनंतरच्या मुलांचे शिक्षण वरवर पाहता सरस दिसले, कारण आधी गर्भपात करणाऱ्यांत शहरी, शिकलेल्या स्त्रिया अधिक होत्या. सारख्या घरांतल्या मुलांची तुलना केल्यावर मात्र बंदीनंतरची मुले मागे पडलेली आढळली. कोणाची तुलना कोणाशी, यावर निष्कर्ष असा पालटतो.

एकंदरीत, संबंध शक्य आहे. तो किती मोठा, यावर एकमत नाही. गरीब घरातले मूल गुन्हेगार होते, असे मात्र यातून मुळीच सिद्ध होत नाही. आणि गर्भपाताचा निर्णय स्त्रीच्या शरीराशी, आयुष्याशी जोडलेला आहे. त्याचे समर्थन किंवा विरोध गुन्ह्यांच्या आलेखावर उभा करणे तिच्यावर अन्याय आहे.