अंतर आणि अवधी : चाकण ते दिल्ली

मराठीत ‘अंतर’ हा शब्द स्थळाच्या दुराव्यास लावतात, तसाच काळाच्या खंडासही लावतात. ‘दोन गावांतील अंतर’ आणि ‘दोन तासांच्या अंतराने’ हे दोन्ही प्रयोग सारखेच रूढ आहेत. मापनाच्या जुन्या शब्दांत मात्र हा भेद दिसून येतो. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक या शब्दापासून आला. हाक जेथवर पोहोचते, त्या टप्प्यावरून हे माप ठरले. ‘मजल’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ मुक्कामाचे ठिकाण, आणि म्हणून एका दिवसाची वाटचाल. कोस जमीन मोजतो, मजल दिवस मोजते. विमानप्रवासाचा विचार करताना ही दोन मापे वेगळी ठेवणे अवश्य आहे.

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि दिल्लीचा विमानतळ यांच्या अक्षांशांत सुमारे दहा अंशांचा फरक आहे. अक्षांशाच्या एका कलेस स्थूलमानाने एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, असा हिशेब आहे. दहा अंशांच्या सहाशे कला होतात; त्यांचे सुमारे १,१११ किलोमीटर भरतात. दिल्ली पुण्याच्या उत्तरेस असून तीन अंशांहून थोडी अधिक पूर्वेस आहे. ते तिरपेपण धरले असता पृथ्वीच्या पृष्ठावरील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १,१५० किलोमीटर येते.

ताशी आठशे किलोमीटर वेगाने हे अंतर काटण्यास सुमारे दीड तास पुरावा; वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक अवधी आढळतो. याची कारणे उघड आहेत. वेळापत्रकाचा काळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या टोकास जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, वर चढण्याचा व खाली उतरण्याचा मंद टप्पा, ठरीव हवाई मार्गांची वळणे आणि उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा यांचा समावेश होतो.

चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्याचा प्रवास त्याही आधी सुरू होतो. चाकण ते लोहगाव हे सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर आहे. परंतु गर्दीच्या वेळी रस्त्याने तास-दीड तास लागणे नवे नाही. विमानतळावर दोन तास अगोदर पोहोचण्याची प्रथा जमेस धरली, म्हणजे निम्म्याहून अधिक काळ जमिनीवरच जातो.

चाकण–राजगुरुनगर परिसरात एकदा नव्या विमानतळाची योजना होती. डोंगराळ भूभाग व भूसंपादनास झालेला विरोध यांमुळे ती मागे पडली आणि २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड पुढे आली. भूसंपादनाचा प्रश्न पुरंदरच्या गावांनाही चुकलेला नाही. पुरंदरची जागा लोहगावच्या दक्षिणेस असल्याने दिल्लीच्या उड्डाणात दोन-तीन मिनिटांचीच भर पडेल. चाकणहून तिचे अंतर मात्र सरळ रेषेतच सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे लोहगावच्या दुपटीहून अधिक आहे. नकाशावर दिल्ली जवळपास होती तेथेच राहील. चाकणकराची मजल तेवढी वाढेल. विमानतळाची जागा ठरविताना कोसांइतकाच मजलेचाही हिशेब मांडला पाहिजे, तो याचसाठी.