उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारामुळे किती मतं वाढतात? पोलमधून ते का कळत नाही?

भुसावळ किंवा शिरपूर नगरपरिषदेत थेट नगराध्यक्ष निवडताना मतदार नगराध्यक्षाला वेगळं आणि नगरसेवकाला वेगळं मत देतो. कोणी किती मतं खेचली, ते निकालातच दिसतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या जोडीला मिळून एकच मत असतं.

मग जोडीदारामुळे पाठिंबा वाढला, हे कशावरून सांगतात? बहुतेकदा नाव जाहीर होण्याआधीच्या आणि नंतरच्या पोलची तुलना करून. गडबड इथेच होते. २०२४ मध्ये १३ जुलैला डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, १५ जुलैला त्यांनी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं आणि २१ जुलैला जो बायडन यांनी माघार घेतली. या आठवड्यात आकडा हलला, तर तो कोणामुळे?

शिवाय हजार जणांच्या पोलमध्ये आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. एखाद-दोन टक्क्यांचा फरक त्यातच हरवतो.

त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे मोठ्या पोलमध्ये निम्म्या लोकांना फक्त राष्ट्राध्यक्षपदाची नावं सांगायची आणि निम्म्यांना पूर्ण जोड्या. मग दोन्ही गटांची उत्तरं ताडून पाहायची.

उद्या 'अमुक नेत्यामुळे जळगाव-धुळ्यात २ टक्के मतं वाढली' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: तुलना नेमकी कशाशी केली?