खेळातला आकडा तपासताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अर्जुनी मोरगाव हा धानाचा तालुका. इटियाडोह धरण आणि नवेगावबांधचा तलाव याच तालुक्यातले. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोग्रामिंग शिकताना पहिला खेळ लिहायला घेतला, तर विषय शोधायला लांब जायला नको. समजा, खेळाडूच्या हाती ५,००० रुपये आहेत, बियाण्याची पिशवी ८०० रुपयांना मिळते आणि रोवणीपासून कापणीपर्यंतचे सगळे निर्णय त्याचे आहेत. पडद्यावर पहिला प्रश्न येतो: ‘किती पिशव्या घ्यायच्या? १ ते २०’. प्रश्न विचारायला एक ओळ पुरते. आलेले उत्तर तपासताना मात्र नवशिके हमखास अडखळतात, आणि त्यामागे काही ठरावीक गैरसमज असतात.

गैरसमज १: ‘आकडा टाका’ असे लिहिले की आकडाच येतो.
वस्तुस्थिती: कीबोर्डवरून येतात ती अक्षरे. पायथॉनमध्ये इनपुट नेहमी मजकूर म्हणूनच मिळते; त्याची संख्या आपण करायची असते. कुणी ‘दहा’ लिहिले किंवा नुसते एंटर दाबले, तर हे रूपांतर फसते आणि खेळ तिथेच बंद पडतो. सी भाषेत वेगळाच घोटाळा होतो. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ फंक्शनला न समजलेले अक्षर इनपुटमध्येच पडून राहते; ते काढून टाकले नाही, तर लूप तेच अक्षर पुन्हा पुन्हा वाचत अखंड फिरत राहतो. म्हणून आधी रूपांतर जमले का ते पाहावे, मग मर्यादा तपासावी, आणि उत्तर चुकीचे असेल तर पुन्हा विचारावे.

गैरसमज २: वरची मर्यादा पाहिली की पुरे.
वस्तुस्थिती: खेळाडूने उणे ५ पिशव्या मागितल्या तर? खर्च उणे ४,००० रुपये होतो, आणि तो वजा करताच ५,००० चे ९,००० होतात. एकही पिशवी न घेता खेळाडू श्रीमंत!

ही काळजी जुनीच आहे. डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये लिहिलेला, पुढे ‘हमुराबी’ नावाने बेसिक भाषेत गाजलेला खेळ धान्य आणि जमिनीच्या हिशेबाचाच आहे. त्यात ऋण एकर मागितले की कारभारी काम सोडतो आणि खेळ संपतो. ऐपतीबाहेरची जमीन मागितली, तर कोठारात किती धान्य आहे ते सांगून पुन्हा विचारले जाते. आपल्या खेळातही २० ही दुकानाची मर्यादा झाली. ५,००० रुपयांत पिशव्या मात्र ६ च येतात. दोन्ही मर्यादा तपासायला हव्यात.

गैरसमज ३: अट लिहिली म्हणजे ती बरोबरच असते.
वस्तुस्थिती: ‘संख्या १ पेक्षा मोठी किंवा समान, किंवा २० पेक्षा लहान किंवा समान’ ही अट कोणताही आकडा पास करते, कारण २१ सुद्धा १ पेक्षा मोठाच आहे. दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ हवे. तसेच पायथॉनच्या रेंज फंक्शनला १ आणि २० दिले, तर त्यात २० येत नाही. २१ द्यावे लागते.

गैरसमज ४: चुकीचा आकडा गुपचूप मर्यादेत बसवला की झाले.
वस्तुस्थिती: आवाज कमी-जास्त करताना किंवा पात्राला पडद्याच्या कडेशी थांबवताना हे योग्यच आहे. पण ५० पिशव्या मागणाऱ्याला न सांगता ६ देणे म्हणजे त्याचा निर्णय परस्पर बदलणे. ‘तुमच्याकडे ५,००० रुपये आहेत, जास्तीत जास्त ६ पिशव्या घेता येतील’ असे स्पष्ट सांगावे.

गैरसमज ५: आकडा मराठीत लिहिला काय, इंग्रजीत लिहिला काय, सारखेच.
वस्तुस्थिती: देवनागरी ‘१५’ पायथॉन संख्या म्हणून स्वीकारतो. जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, असे मूल्य देते. नॅनची कोणत्याही संख्येशी लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते. त्यामुळे ‘१ पेक्षा लहान किंवा २० पेक्षा मोठे असेल तर नाकारा’ या अटीतून नॅन सहज निसटते. ‘१ ते २० मध्ये असेल तरच स्वीकारा’ अशी अट लिहिली, तर ते अडते. मराठी खेळाडूंसाठी खेळ करणाऱ्याने देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत.

गैरसमज ६: ‘सिव्हिलायझेशन’ खेळातले गांधी आकड्याच्या चुकीमुळे अणुबॉम्ब टाकू लागले.
वस्तुस्थिती: १९९१ च्या या खेळात गांधींची आक्रमकता १ होती, त्यातून २ वजा झाले आणि ऋण आकडा साठवता न आल्याने तो २५५ वर गेला, अशी कथा सांगतात. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात ती नाकारली आहे. असा दोष घडूच शकत नाही असे मात्र नाही. ‘पॅक-मॅन’मध्ये पातळीचा क्रमांक ८ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतच, साठवता येत असल्याने २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा विस्कटतो.

खेळ ऑनलाइन असेल, तर हीच तपासणी सर्व्हरवरही करा. खेळाडूच्या फोनमधली तपासणी त्याला बदलता येते. आणि खेळ मित्रांच्या हाती देण्याआधी रिकामे उत्तर, ‘दहा’, ०, १, ६, ७, २०, २१, उणे ५, अडीच आणि देवनागरी १५ ही उत्तरे स्वतः देऊन पाहा. प्रत्येक वेळी खेळ न कोसळता बरोबर उत्तर स्वीकारत असेल आणि चुकीच्या उत्तरात नेमके काय चुकले ते सांगत असेल, तरच तुमची तपासणी पूर्ण झाली असे समजा.